पितराचं ताट

“ऊठ मगन. त्या ताटवरून ऊठ.”

मंजुळाबाई चपला न काढताच भिकननानांच्या ओसरीवर चढली होती. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. नवऱ्याच्या, चिंधाच्या नावाची घागर तिनं भरली, मुलाच्या हातून निखाऱ्यावर पितराच्या घासाची आगारी टाकली, आणि वळून पाहते तर मगन पसार. उद्या धुळ्याला लष्कराची भरती होती. आज नानांकडे जेवला म्हणजे कार्टं जाणारच, हे तिला ठाऊक होतं.

शिंदखेड्याकडच्या त्या गावात नानांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एकाहत्तर साली नाना आणि चिंधा एकाच पलटणीत होते. समोरच्या एका सहा फुटी, भरदार मिश्यांच्या शत्रूनं चिंधाला गोळी घातली. नानांनी त्याला तिथल्या तिथं आडवा केला. “लढाया वाईट असतात, पण आमची चांगली होती,” असं नाना शाळेत झेंड्याखाली उभे राहून सांगत. दर वर्षी त्या शत्रूच्या मिश्या बोटभर वाढत. मगन तेव्हा पोटात होता. त्या माणसाला मारलं याचं मंजुळाबाईला बरं वाटे. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटे.

नानांवर मात्र तिचा दात होता. चिंधाला भरतीला यांनीच नेलं होतं, आणि परत आणलं नव्हतं.

“भरेल ताटवरून पितर ऊठत नही, मंजुळा,” नाना म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मगनच्या कपाळाला गंध होता, पाय धुतलेले होते. पुढ्यात खापराची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. तो पितर म्हणून बसलाय हे आता कुठे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचं डोकं आणखीच भडकलं. गेलेला माणूस ज्या वयाचा, त्याच वयाचं कुणी ताटावर बसवायचं, ही रीत. म्हाताऱ्यासाठी म्हातारा, सवाष्णीसाठी सवाष्ण. नानांचे आईबाप तर पिकल्या वयात गेलेले. तरी नाना दर आखाजीला मिसरूड न फुटलेलं एखादं पोरच बोलावत. गाव म्हणे, नाना भरतीसाठी पोरं हेरतात.

“तुमना घरमा जवान कोन मरेल शे?” ती म्हणाली. “चिंधाना नाववर त्यानाच पोऱ्याले बसाडं का? लाज नही वाटनी?”

“चिंधाना नाववर नही.”

“मंग कोना?”

नानांची बायको भिकुबाई तूप वाढता वाढता थांबली. नाना त्या पोळीकडे पाहत बोलले.

“नाव माहीत नही. ज्यानी चिंधाले मारं, त्याना. मिश्या मीच लाया त्याले. मगन एवढाच व्हता. पडना आनं माले पानी मांगे. मी दिन्हं नही.”

मगनचा घास हातातच राहिला. “नाना, तुम्ही तं चांगली लढाई म्हनतस.”

“तसं म्हनं नही तं घास उतरत नही,” नाना म्हणाले.

बापाला मारणाऱ्याचं ताट. मगननं ते दूर सारलं आणि तो उठू लागला. मंजुळाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दाबून खाली बसवलं. नानांना माफ करावं असं तिच्या मनातही नव्हतं, आणि पुढेही कधी येणार नव्हतं. तिनं नानांनी भरलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि मगनपुढे ठेवला.

“भरतीनं मंग दखू. पहिले पानी पे,” ती म्हणाली. “त्या पोऱ्यानी मायले वाटत व्हई, मरता मरता कोन्ही तरी पानी पाजं.”