इलेक्ट्रिशियनची एक जागा

"इलेक्ट्रिशियन? बायकांसाठी शिलाई आहे, कॉम्प्युटर आहे. तिकडे जा," असं म्हणत कनकय्या क्लार्कने फाइल खिडकीतून परत ढकलली. उघडलीसुद्धा नाही.

प्रवळिकाने ती पुन्हा आत सरकवली. "सार, इलेक्ट्रिशियनलाच प्रवेश पाहिजे. महिलांची एक जागा उरलीय. बोर्डावर लिहिलंय."

"बोर्डावर पुष्कळ लिहितात. चार वाजले की ती जागा पोरांना जाईल. बाहेर बाराजण ताटकळत बसलेत." त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काय गं बिड्डा, खांबावर चढणार? ओढणी सांभाळत?"

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

"शिकलं की चढता येतं, सार."

"आणि उद्या लग्न झालं की? सरकारची सीट वाया!"

आयटीआयला मायलेकींची ही तिसरी खेप. पहिल्या वेळी फॉर्म संपले होते. दुसऱ्या वेळी साहेब रजेवर. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

प्रवळिका बाकावर येऊन धपकन बसली. शेजारी तिची आई, सारक्का, सर्वपिंडीचा, तांदळाच्या थालीपिठांचा, डबा मांडीवर धरून होती. डबा सकाळपासून उघडलाच नव्हता.

"जाऊ दे बिड्डा. नाही म्हणतात तर नाही. शेवटची बस तरी मिळेल."

"तू गप बस, अम्मा. बसमध्ये काय ठरलं आपलं? मी बोलणार, तू नाही."

सारक्काने डबा पोटाशी ओढला. सकाळी घरातून निघतानाही तिने तो असाच धरला होता. नान्ना, म्हणजे प्रवळिकाचे वडील, ओसरीवर चहा पीत म्हणाले होते, "वायरी उपसणं हे काय बाईमाणसाचं काम आहे? गाव हसेल." आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं. प्रवळिकाने चपला पायात सरकवल्या होत्या.

हसणारं गाव बोअरची मोटर जळली की ती त्यांच्याच अंगणात आणून टाकायचं. मोटर उघडून तांब्याची तार भरायची कला त्या घरात होती. कागद तेवढा नव्हता. आणि कागदाशिवाय सबस्टेशनवर कुणी दारात उभं करत नव्हतं.

प्रवळिका पुन्हा खिडकीशी गेली. कनकय्या वैतागला. "जा, वर्कशॉपमध्ये नर्सय्या सारांना भेट. ते हो म्हणाले तर बघू."

मायलेकी वर्कशॉपच्या दारात पोचल्या, तेव्हा इलेक्ट्रिशियनचे मास्तर नर्सय्या सार हात पुसत पुढे आले. दोघींकडे एकदा बघून त्यांनी टेबलावरच्या मोटरकडे बोट केलं.

"ही चालू केली की नुसती गुरगुरते, फिरत नाही. हाताने ढकललं की फिरते. सांग, का?"

प्रवळिकाने मोटरकडे पाहिलं, मग आईकडे.

"कंडेन्सर गेलाय," सारक्का हळूच म्हणाली.

"अम्मा, मी हिला विचारतोय. तुम्ही मध्ये बोलू नका." नर्सय्या सार हसले. "हे असं होतं. आईच्या पदराआडून मोटर दुरुस्त होत नसते. शिलाईला घाला हिला, सुखी राहील."

प्रवळिकाला वाटलं, हातातली फाइल त्या मोटरवर आपटावी. बरोबर उत्तर दिलं तरी शिलाई, चूक दिलं तरी शिलाई. तिचे कान तापले. पण तिने फाइल काखेत घट्ट दाबली. बोलली असती तर सगळंच फिसकटलं असतं.

साडेतीन वाजता प्राचार्या अनसूया मॅडम वऱ्हांड्यातून येताना दिसल्या. प्रवळिका सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मॅडम, बोर्डावर लिहिलंय, दहावी पास, वय चौदाच्या वर. एवढंच. बाई नको असं कुठे लिहिलंय?" तिचा आवाज फुटला. "तीन खेपा झाल्या आमच्या! क्लार्क नाही, नर्सय्या सार नाही, कुणी फाइल उघडून बघायला तयार नाही!"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आत या. आणि त्या दोघांना बोलवा."

कनकय्या आणि नर्सय्या सार टेबलासमोर उभे राहिले. मॅडमनी आवाज चढवला नाही.

"माझ्या वर्गात साठ मुलगे होते. मी एकटी. रोज कुणीतरी मला शिलाईची वाट दाखवायचं. आज तुम्ही तेच करताय, तेही माझ्या संस्थेत?"

"तसं नाही मॅडम, हिच्याच भल्यासाठी..." नर्सय्या सार म्हणाले.

"भलंबुरं तिचं ती बघेल. पात्रता आहे, जागा आहे. संपलं." त्यांनी प्रवेशपत्र ओढून त्यावर सही केली, शिक्का मारला. नावाची ओळ तेवढी कोरी राहिली.

सारक्काच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नका अम्मा. कुणी हसलं, कुणी अडवलं, तर थेट माझ्याकडे यायचं."

"मॅडम, नक्की ना?" प्रवळिकाने विचारलं. "आता कुणी नाही म्हणणार नाही?"

"माझी सही आहे त्यावर. आण ती फाइल."

मॅडमनी फाइल उघडली, नाव लिहायला पेन टेकवलं आणि त्या थांबल्या. दहावीचं सर्टिफिकेट घडीवर फाटलेलं, पिवळं पडलेलं होतं. जन्मसाल एकोणीसशे चौऱ्याऐंशी.

"हे कुणाचं आहे?"

सारक्का डोळे पुसून उभी राहिली.

"माझं, मॅडम. पोर मला शाळेत घालायला आलीय."