नळ कोणाच्या लाइनवर

"माय, जुने पाइप सडलेत, बठ्ठे नवे टाकतो," असं सोनगीरच्या बेबाबाईला दोन्ही मुलांनी एका सुरात सांगितलं. एरवी भाजी कोणती करायची यावरही दोघांचं एकमत होत नसे, म्हणून तिला फारच बरं वाटलं. प्लंबरला तिनं आल्याचा चहासुद्धा पाजला. चहा पिऊन त्यानं विचारलं, "अक्का, दोघा भावांच्या लाइनी वेगळ्या केल्या. तुमचा नळ कोणाच्या लाइनवर जोडू?" घराची वाटणी झाल्याचं तिला असं प्लंबरकडून कळलं. तिनं मुलांकडे पाहिलं. हितेंद्र मोबाइलमध्ये शिरला. कुंदनला प्लास्टिकच्या पाइपमध्ये एकाएकी भारी गोडी वाटू लागली. "माझ्या" कुणीही म्हणालं नाही. मग बेबाबाई प्लंबरला म्हणाली, "नळ मना नाववर शे. मेन कॉक मनी खोलीमा लाव. पानी मीच सोडसु." "माय, माझ्याच लाइनवर!" दोघं एकदम ओरडले. बेबाबाईला हेच जास्त लागलं.