धून वाजली का परतवाडा बाहेर

"माही धून वाजली का अख्खा परतवाडा घराबायेर येते!" पियानोवर कोपर टेकवून कुंदननं जाहीर केलं. स्वतःच्या कॉलनीत होणारा त्याचा हा पहिलाच सत्कार. रविवारची सकाळ, हॉल गच्च भरलेला, आणि पियानोवर ताज्या फुलांचा गुच्छ.

"सर, अशी धून सुचते कशी?" सूत्रसंचालन करणाऱ्या रागिणीनं विचारलं.

"सुचत नाही बाई, उतरते. वरून." कुंदननं छताकडे बोट दाखवलं.

"जादूच हाये बापू," सुभद्राकाकू म्हणाल्या. "कानावर पडली का गॅसवर दूध असो का पोळी, पाय घरात थांबतच नाहीत."

"मले तं धास्तीच रायते," देवीदासभाऊंनी जोड दिली. "एखाद्या दिवशी चुकली, तं दिवसच खराब!"

कुंदननं सगळ्यांना हात जोडले. "ह्यालेच म्हणतात संगीत."

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर तीच धून भोंग्यातून वाजायला लागली. कुंदननं अभिमानानं डोळे मिटून घेतले आणि मान डोलवायला सुरुवात केली. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. डोळे उघडून पाहतो, तर सगळा हॉल रिकामा.

"तुही कचऱ्याची गाडी आली रे बापू!" दारातून काकू ओरडल्या. "बादली टाकून आलोच, तू बोलत राय!"

जाता जाता कोणीतरी नाश्त्याच्या प्लेटांसोबत पियानोवरचा गुच्छही उचलून नेला होता. फुलं ओल्या कचऱ्यात गेली, त्यावरचं प्लास्टिक सुक्यात.