माटे पुढे आला की

"क्लच सोड. हळू. हळू म्हणजे बंद पाडू नकोस, रोमिना."

"पपा, तू सांडतोयस."

वॉशिंग्टनने खाली बघितलं. थर्मासमधलं गरम पाणी त्याच्या पँटवरून ओघळत होतं. लग्न झाल्यापासून तो पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या शेजारी, उजवीकडच्या सीटवर बसला होता, आणि दुरास्नो गावात शेजारी बसणाऱ्याला एकच काम असतं. ड्रायव्हरला माटे पाजायचा. भोपळ्याच्या वाटीत हिरवा पाला, वर गरम पाणी, ओढायला धातूची नळी. जगातलं सगळ्यात सोपं काम, असं तो आयुष्यभर म्हणत आला. बायको करायची म्हणून सोपं.

बायको, नेलिडा, आज मागच्या सीटवर होती. ती डाव्या खांद्याला मलम चोळत होती.

"नळी हलवू नकोस," ती म्हणाली. "पाला भिजायच्या आधी चिखल केलास."

"तू गप. बसून बसून खांदा दुखतो हिचा, आणि मला शिकवते."

रोमिना तेवीस वर्षांची होती. सोमवारपासून तिला साराँदीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी होती, आणि साराँदीला वेळेवर पोचवणारी बस नव्हती. शुक्रवारी लायसन्सची परीक्षा. परीक्षेला गाडी आपली न्यावी लागते. घरात गाडी एकच, आणि चावी बापाच्या खिशात. या गावात बाप अठरा वर्षांच्या पोराला चावी देतो आणि पोरीला सल्ला. दोन वर्षं सल्ले देऊन झाल्यावर आज कुठे वॉशिंग्टनने शब्द दिला होता. घरापासून मोठ्या रस्त्याने चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. एक चूक झाली तर चावी विसरायची, म्हणजे नोकरीही विसरायची.

"आरशात बघ. समोर बघ. दोन्हीकडे बघ."

"डोळे दोनच आहेत, पपा."

"मलाही दोनच आहेत. तीस वर्षं गाडी चालवतोय. एक ओरखडा दाखव."

ओरखडा खरंच नव्हता. हे सगळं गाव मानायचं. मागच्या सीटवर वाढलेली रोमिनाही मानायची. आई माटे पुढे करायची, बाप अलगद थांबायचा, नळी ओढायचा. आई हात पुढे करायची, बाप वाटी परत द्यायचा, गाडी सुटायची. ना धक्का, ना शिवी. आपल्याला असं कधी जमणार, असं तिला वाटायचं.

मोठ्या रस्त्याच्या पहिल्या सिग्नलजवळ वॉशिंग्टनला एकदाचा माटे जमला. वर फेससुद्धा आला. त्याने अभिमानाने वाटी पोरीपुढे धरली.

रोमिनाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

गाडी बरोबर दोन रस्त्यांच्या मधोमध मेली. मागे एक पिकअप किंचाळत थांबली. गॅसची टाकी घेऊन चाललेल्या मोटरसायकलवाल्याने वळसा घालता घालता रोमिनाच्या आईचा उद्धार केला. आई मागेच बसली होती. तिने मान हलवून पोच दिली.

"अगं, हिरवा आहे," ती म्हणाली.

"हिरवा आहे आणि ही थांबते," वॉशिंग्टन म्हणाला. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. "संपलं. घरी चला. का थांबलीस?"

"तू माटे दिलास."

"मग?"

"मग थांबायचं असतं. या गाडीत माटे पुढे आला की थांबायचं असतं. लहानपणापासून बघतेय मी."

"माटे बघून गाडी थांबवतं का कुणी, गाढवे? सिग्नल बघून थांबवतात."

रोमिनाने आरशात बघितलं. आरशात आई एकदम बाहीने खिडकीची काच पुसायला लागली होती.

रोमिनाने गाडी चालू केली, सिग्नल ओलांडला आणि कडेला घेतली.

"पपा, पुढच्या सिग्नलला कुठला दिवा आहे?"

वॉशिंग्टनने डोळे बारीक केले. मग हातातल्या वाटीकडे बघितलं. मग मान वळवून बायकोकडे बघितलं. बायको काच पुसत होती.

"हिरवा," तो म्हणाला.

"ती औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी आहे. सिग्नल तिच्या अलीकडे आहे. लाल."

मोटरी जात राहिल्या. पँट थंड पडली होती.

"चष्मा घे म्हणून लग्नाआधीपासून सांगतेय," नेलिडा शेवटी म्हणाली. "म्हणे चष्म्यात मी शाळामास्तर दिसतो. लायसन्ससाठी डोळे तपासायला जायचं झालं की डॉक्टरच्या भिंतीवरची अक्षरं माझ्याकडून पाठ करून जातो."

"माझी गाडी चालवण्याची पद्धत…"

"पद्धत चांगली आहे, म्हाताऱ्या. माझ्या वाटीचं ऐकण्याची."

ती उतरली, पुढचं दार उघडलं आणि उभी राहिली. वॉशिंग्टन थोडा वेळ बसून राहिला. मग ओली पँट सावरत मागे गेला. चावी गाडीलाच होती. ती काढायचं कुणी नाव घेतलं नाही.

नेलिडाने चिखल झालेला पाला खिडकीतून फेकला, नवा भरला, थर्मास काखेत धरला.

"शुक्रवारी किती वाजता?"

"नऊ."

"चल मग. साडेआठला निघू. म्हाताऱ्याला वाटेत चष्म्याच्या दुकानात सोडू."

गाडी निघाली. पुढच्या लाल दिव्याआधीच माटेची वाटी रोमिनाच्या नाकासमोर आली.

"आई, मला दिसतो."

"माहितीय गं. हात आपला आपण जातो."

मागच्या सीटवरून आवाज आला.

"तरी तीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला."

"गाडीला नाही," नेलिडा म्हणाली आणि डावा खांदा चोळू लागली.