त्रेचाळीस सभासदांची सभा

दार उघडणाऱ्या सुनेने पावती हातात घेतली, वाचली आणि तशीच परत दिली.

"मामंजींना जाऊन पाच वर्षं झाली," ती म्हणाली. "ते कुठली वर्गणी भरतायत?"

"पत्ता चुकला वाटतं," असं पुटपुटत कॅशियरबाई जिना उतरल्या. सकाळपासूनचं हे तिसरं घर. पहिल्या घरातले वकील तीन वर्षांपूर्वीच गेले होते, दुसऱ्यातल्या प्राध्यापिका त्याच्याही आधी. आणि तिघांनीही यंदाची वर्गणी वेळेवर भरली होती.

बाईंनी एकतीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्या विभागीय भूगोल परिषदेच्या खजिनदार झाल्या. आधीच्या खजिनदारांनी कपाटाच्या किल्ल्या अशा सोपवल्या, जणू हाताला चटका बसत होता. "आता नाही होत माझ्याच्याने," एवढंच बोलून ते गेले.

पासबुक उघडल्यावर बाईंना पहिली शंका आली. दरवर्षी एकाच दिवशी त्रेचाळीस सभासदांची वर्गणी एकदम जमा व्हायची, सगळी रोख. प्रत्येक स्लिपवर सही चिटणिसांची.

संध्याकाळी फोन आला. चिटणीसच होते. हे एका शाळेतले निवृत्त मास्तर, शिडशिडीत, कधी आवाज न चढवणारे.

"बाई, आज सभासदांच्या घरी गेला होतात म्हणे."

 पावतीवर चिटणिसांचाच नंबर छापलाय, हे बाईंना तेव्हा आठवलं.

"पावत्या द्यायला गेले होते, सर."

"नका जाऊ. पावत्या माझ्याकडे द्या." मग जरा थांबून ते म्हणाले, "आधीच्या खजिनदारांनाही अशीच खोलात जायची सवय होती. झेपलं नाही त्यांना."

फोन बंद झाला.

"मेलेल्यांच्या नावाने रोख भरणारा माणूस दानधर्म करत नसतो," नवरा म्हणाला. "कुणाचा तरी काळा पैसा असणार. आणि ताळेबंदावर सही तुझी. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची."

त्यानंतर आठ दिवस बाईंना धड जेवण गेलं नाही. दाराची बेल वाजली की दचकायच्या. रस्त्याने चालताना मागे वळून बघायच्या. शेवटी त्यांनी राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. रविवारी वार्षिक सभा होती. तिथे चारचौघांत, अध्यक्षांच्या हातात तो द्यायचा. चारचौघांत असलं की चिटणीस काय करणार होते?

रविवारी दहाला त्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पोचल्या आणि दारातच थबकल्या.

चार रांगांत खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर छापील अहवाल होता. माणूस एकाही खुर्चीवर नव्हता. समोर टेबलामागे एकटे अध्यक्ष बसले होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. वय चौऱ्याऐंशी. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूने दृष्टी गेली. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी.

बाईंच्या मागे दार लागलं. कडी सरकली. चिटणीस तिथे उभे होते, पायात बूट नाहीत, नुसते मोजे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आले का सगळे?" मोठ्या सरांनी विचारलं.

"हॉल भरलाय, सर," चिटणीस म्हणाले. त्यांनी दोन खुर्च्या करकर सरकवल्या. मग मांजराच्या पावलांनी तिसऱ्या रांगेत जाऊन खोकले. "नमस्कार, सर," ते घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात म्हणाले. तिथून खिडकीपाशी सरकले आणि नाकातून बोलले, "उशीर झाला, माफ करा."

बाईंची पाचावर धारण बसली. हा माणूस चोर नव्हता, वेडा होता. दाराला कडी आणि रविवारच्या बंद वाचनालयात हाक ऐकायला कुणी नाही.

"खजिनदारबाई, हिशोब वाचता ना?" मोठे सर म्हणाले.

पर्समधलं राजीनाम्याचं पाकीट बाईंच्या हातात आलं होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. चिटणीस हात जोडून उभे होते. डोळे भरले होते.

बाईंनी हिशोब वाचला. उजवीकडून घोगऱ्या आवाजाने अनुमोदन दिलं. नाकातल्या आवाजाने नकाशांच्या खर्चावर कुरकुर केली. मोठे सर हसले, त्याला चिमटा काढून उत्तर दिलं. अर्ध्या तासात सभा संपली.

"पैसे माझ्या पेन्शनचे आहेत," कपाटाआड नेऊन चिटणीस कुजबुजले. "दृष्टी गेली तेव्हा सरांनी अन्न सोडलं होतं. मग एकेक सभासद जायला लागला, उरलेल्यांनी यायचंच सोडलं. कुठल्या तोंडाने सांगू त्यांना? या परिषदेवर तर जगतायत ते. आधीच्या खजिनदारांना हे खोटं झेपलं नाही. तुम्हालाही नसेल झेपत, तर तसं सांगा."

बाईंनी पाकीट परत पर्समध्ये कोंबलं. 

चिटणीस खुर्च्या आवरायला थांबले. बाई मोठ्या सरांना हाताला धरून खाली गाडीपर्यंत घेऊन गेल्या.

"चिटणिसांची बायको गेली, माहीत आहे तुम्हाला?" सरांनी जिन्यात विचारलं.

"नाही, सर."

"चार वर्षं झाली. तेव्हा घराबाहेर पडायचं नाव घेईनात. आता सभा जवळ आली की तीन-तीन महिने तरतरीत असतात."



गाडीत बसल्यावर सरांनी काच खाली केली. वरून खुर्च्या रचल्याचा आवाज येत होता. तो चालू आहे याची खात्री करून ते हळू आवाजात म्हणाले,

"तुम्ही वाचलात तो आकडा बरोबर होता. पण छापील अहवालात, दुसऱ्या पानावर, सातशे चाळीसच्या जागी चारशे सत्तर पडलंय. चिटणिसांच्या लक्षात यायच्या आत बदलून टाका."