चार टाक्या, एक साहेब

"साहेब, तुम्ही आल्याबिगर काही खरं न्हाई," लोह्याच्या साईटवरून इंजिनिअर व्यंकट फोनवर काकुळतीला आला होता. "वाळू भरड वाटून राहिली. एकदा नजरेखालून घाला."

झालं! सुदर्शननं ताटलीतला चुरमुऱ्यांचा सुशीला अर्धवट टाकला आणि नांदेडहून गाडी काढली.

सिनिअर मॅनेजर झाल्यापासून हे असंच चाललं होतं. आधी एकच पाण्याची टाकी सांभाळायचा. आता लोहा, मुखेड, हदगाव, उदगीर अशा चार टाक्यांची बांधकामं गळ्यात. आज व्यंकटचा फोन, उद्या मुखेडची इंजिनिअर महादेवी, परवा आणखी कुणी. नशीब एवढंच, की दोन ठिकाणी एकाच दिवशी कधी अडलं नाही. नाहीतर बिचाऱ्यानं पळायचं तरी कुठं कुठं?

आणि गेला की मन लावून करायचा, बरं का. वाळू चाळून बघायचा, बांधलेले गज सोडून पुन्हा बांधायला लावायचा, गवंड्याच्या हातातली थापी घेऊन स्वतः गिलावा करून दाखवायचा. माणूस मेहनती, त्यात शंकाच नको. तरी चारही कामं मागं ती मागंच.

शेवटी लातूरच्या ऑफिसात श्रीपादरावांनी बोलावून घेतलं. मोठे साहेब, पण आवाज कधी चढायचा नाही.

"सुदर्शन, दिवाळीआधी चारही टाक्यांत पाणी चढलं तर ही खुर्ची तुझी. न्हाईतर पुन्हा एका साईटवर जा. त्यात काही कमीपणा न्हाई."

कमीपणा कसा नाही? घरी आईनं गल्लीभर पेढे वाटले होते! सुदर्शनचं तोंड एवढंसं झालं.

"सर, मी तर रोज पळून राहिलो."

"तेच तर. चार चुली एकट्यानं फुंकायला गेलास तर एकही पेटायची न्हाई. फुंकणारे हायेत तिथं. तू फक्त लाकूड कुठं कमी पडलं ते बघ."

ते बोलणं लागलं त्याला, आणि चांगलंच लागलं. त्यानं चारही साईटच्या प्रमुखांना नांदेडला बोलावलं. "सोमवारी बैठक. सिमेंट, लोखंड, माणसं कमी पडली तर मला सांगा. बाकी सगळं तुमचं तुम्ही ठरवा."

चौघं एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्ही साईटवर येणार न्हाई, सर?" महादेवीनं विचारलं.

"बोलावलं तरी न्हाई."

पहिला आठवडा फार वाईट गेला. फोन वाजेना. सुदर्शन उगाच रेंज बघायचा, बायकोला मिस्ड कॉल द्यायला लावायचा. "अहो, चालायला लागलेलं लेकरू कुणी कडेवर घेतं का?" आरती म्हणाली. "बसा जरा गपगुमान."

बसला. बसल्यावर त्याला चारही कामं एकदम दिसायला लागली. उदगीरची सेंट्रिंगवाली टोळी रिकामी होती, ती त्यानं हदगावला पाठवली. लोह्यात जास्तीचं सिमेंट पडून होतं, ते मुखेडला नेलं. कामांनी असा वेग घेतला की विचारू नका. आपण खरंच काहीतरी शिकलो, असं त्याला पहिल्यांदा वाटलं, आणि छाती भरून आली.

दिवाळीच्या आत चारही टाक्यांत पाणी चढलं. मुखेडला मंडप घातला, श्रीपादराव लातूरहून आले. सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, "खुर्ची तर तुझीच. पण आता आपल्या बाकी मॅनेजरांनाही तूच शिकवायचं."

सुदर्शनचे डोळे भरून आले. "सर, मी कसलं शिकवतो! खरं कौतुक या चौघांचं. बारीकसारीक गोष्टीला मला बोलवायचे, आता बघा कसे तयार झाले. महादेवी, तूच सांग. मी यायचं बंद केल्यावर अडचणी कशा काय सोडवल्या तुम्ही?"

महादेवीनं व्यंकटकडे पाहिलं. व्यंकट टाकीकडे बघायला लागला.

"सांग की, लाजतेस काय?"

"सर, रागावू नका," महादेवी म्हणाली. "अडचण कुठंच नव्हती. तुम्ही आलात की त्या साईटचं काम दिवसभर बंद पडायचं, म्हणून आम्ही पाळी लावली होती: ज्याची पाळी, त्यानं तुम्हाला बोलावून अडकवून ठेवायचं आणि बाकी तिघांनी तेवढ्यात काम उरकायचं."