कुटुंबप्रमुख घरी नाहीत

"येतीलच इतक्यात," काकू म्हणाल्या, आणि उठू पाहणारे मास्तर पुन्हा खुर्चीत टेकले.

ही त्यांची तिसरी आणि शेवटची फेरी होती. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी काकूंच्या समोर बसून, काकूंचाच चहा पीत, मतदारांच्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, 'कुटुंबप्रमुख घरी नाहीत.' आज तेच लिहायची वेळ आली तर हे घर यादीतून जाणार होतं. नियम नवा होता. मागच्या निवडणुकीला ओळखपत्र पुरलं होतं. त्याआधी शेजाऱ्याने नुसती मान डोलावली तरी भागायचं. यंदा कुटुंबप्रमुखाने स्वतः समोर येऊन घरातल्या सगळ्या मतदारांची खात्री द्यायची होती. प्रमुख सापडला नाही तर त्याच्यासकट सगळे बाद. माणसं घरात बसलेली डोळ्यांना दिसत असली तरी उपयोग नव्हता. डोळ्यांसाठी रकाना ठेवलेला नव्हता.

मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि सरकारने सांगितलं की दारं वाजवत. काही दारं तोंडावर आपटत, काही उघडतच नसत. या घरात मात्र त्यांचे डोळे जड होत. खिडकीचा पडदा सावकाश फुगायचा आणि सावकाश बसायचा, जणू घरच वामकुक्षी घेतंय. काकू छापखान्याची प्रुफं तपासत. टेबलावर कागदांचा गठ्ठा, लाल पेन आणि एक चष्मा असे. काकूंचा चष्मा काकूंच्या नाकावर असे. दाराशी घरात घालायच्या पुरुषी सपाता होत्या. बाहेरून आल्या आल्या पाय सरकवता यावेत, अशा वळवून ठेवलेल्या.

न पाहिलेल्या या काकांची मास्तरांना सवयच झाली होती. ते चहात साखर कमी घेतात, छत्री हमखास विसरतात आणि वादात हार मानत नाहीत, हे काकूंनी सांगितलं होतं. मतदानाला दोघं जोडीने जात, विरुद्ध मतं देत आणि भांडत परत येत. एकाने दुसऱ्याचं मत खायचं, हा त्या संसाराचा नियम. तो मात्र कोणी बदलला नव्हता. मग घरी बसलात तरी तेच झालं असतं की, असं मास्तर मागे म्हणाले होते. काकूंनी त्यांच्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावं तसं पाहिलं होतं. घरी बसून भांडायला विषय कुठून आणायचा?

पडदा फुगला. जिन्यात पावलं वाजली. कोणीतरी सपातांत पाय सरकवले, टेबलावरचा चष्मा उचलला आणि घसा खाकरला. मास्तर लगबगीने उभे राहिले. "या, बसा," ते म्हणाले.

आणि जागे झाले. खोलीत कोणी नव्हतं. चष्मा जागच्या जागी होता. काकू लाल पेन हातात धरून दाराकडे बघत होत्या.

"तुम्हालाही ऐकू येतात वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी ओशाळून पेनाचं टोपण काढलं. आता लिहावंच लागेल, म्हणाले. तुमचंही नाव जाईल काकू, माझा नाइलाज आहे. मी तर तुमच्यासमोर बसलेय, काकू म्हणाल्या. तुम्ही आहात हो, मास्तर म्हणाले, पण प्रमुख नाहीत.

पडदा बसला. बराच वेळ फुगलाच नाही.

"ते गेले," काकू म्हणाल्या.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं. तीन फेऱ्यांची सवय होती.

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचं लक्ष आधी सपातांकडे गेलं.

मग काकू बोलत राहिल्या. चष्म्याची दांडी बसवून आणली होती त्यांनी, तरी चष्मा विसरून निघाले. कोपऱ्यावर पोचेपर्यंतच काय ते, तिथेच कोसळले. पुढचं सगळं दिरांनी निस्तरलं. जाताना 'येतो' म्हणाले होते. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, अशी चूक प्रुफात सापडली असती तर मी सोडली नसती. पण बोलण्यातली होती, राहू दिली. यादीतून नाव काढायला घरच्या माणसाने सांगावं लागतं, आणि घरचं माणूस म्हणजे मीच. मतदानाला गेलं की कारकून माझ्या नावाखाली पट्टी धरतो. वरच्या ओळीत ते असतात. मागच्या खेपेला माझं मत पहिल्यांदाच कोणी खाल्लं नाही. चोरी केल्यासारखं वाटलं, मास्तर. पण या वेळी गेलेच नाही तर ते म्हणतील, समोर कोणी नाही बघून मैदान सोडलंस.

मास्तरांनी काकांच्या नावावर पेन टेकवलं. चुकलेलं गिरबटून टाकायची त्यांना शाळेची सवय.

"गिरबटू नका," काकू म्हणाल्या. "एकच बारीक रेघ मारा. काढलेला शब्द खाली वाचता आला पाहिजे. आमच्या कामातला नियम आहे."

मास्तरांनी एकच बारीक रेघ मारली. नाव खाली स्वच्छ वाचता येत होतं. मग वर, प्रमुखाच्या जागी, त्यांनी काकूंचं नाव लिहिलं. प्रमुख बदलला की तपासणी पहिल्यापासून करायची, असंही नियमात होतं. त्यांनी शर्ट सारखा केला, घसा खाकरला आणि पहिला प्रश्न वाचला.

"कुटुंबप्रमुख घरी आहेत का?"

काकूंनी सवयीने दाराकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"आहे," त्या म्हणाल्या.